पिंजण, टकळी आणि झाकीर साहेबांची शाळा

गेल्या वर्षी बहिणीच्या घरी गेलो होतो. भाची सातवीत आहे. शाळेने तिला प्रकल्प दिला होता, ‘आमच्या परिसरातील व्यवसाय’. ती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रांचा कागद घेऊन आली. लोहार, सुतार, कुंभार, शिंपी, चांभार अशी ओळीने चित्रे. ती कापायची, कार्डशीटवर चिकटवायची, खाली स्केचपेनने चार ओळी लिहायच्या. अर्ध्या तासात प्रकल्प तयार. मी विचारले, “यांतल्या कुणाला भेटलीस का?” ती हसून म्हणाली, “मामू, भेटायचं कशाला? चित्रं मिळतात ना!”

त्या कागदावर पिंजारी नव्हता. तिचे नाना, म्हणजे माझे अब्बा, पिंजारी होते. आमचे आडनाव नदाफ. अरबीत नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. आडनावातच व्यवसाय आहे, पण भाचीला तो ठाऊक नव्हता. दोष तिचा नाही. आम्हीच तिला कधी सांगितले नाही. का सांगितले नाही, याचा विचार करताना माझ्या शाळेतला एक तास आठवला आणि त्या तासामागे असलेला एक मोठा, आपण जवळजवळ विसरलेला इतिहासही.

टकळीचा तास

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिकलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या काळी आमच्या भागातल्या कितीतरी प्राथमिक शाळांच्या दारावर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशी पाटी असे. आजही काही जुन्या इमारतींवर ती अक्षरे पुसट दिसतात. आठवड्यातून एकदा आमचा सूतकताईचा तास असायचा. गुरुजी तयार पेळूंचे पुडके आणत. आम्ही मांडी घालून बसायचो आणि टकळी फिरवायचो. निम्म्या पोरांचा धागा तुटायचा, उरलेले टकळीचा भोवरा करायचे. तास संपला की पेळू परत पुडक्यात.

पेळू कशाचा होतो, हे आम्हाला कधी कुणी विचारले नाही. कापसातली सरकी काढायची, मग तो पिंजायचा, पिंजून मोकळा झालेला कापूस वळून पेळू करायचा आणि मग सूत. यातले मधले काम माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे. लोकांच्या अंगणात बसून गाद्या-उशांचा दबलेला कापूस पिंजून द्यायचे. त्या तातेचा घुमणारा आवाज आला की पोरे जमायची. पण शाळेत सूतकताईच्या तासाला मी गप्प बसायचो. माझ्या अंगाला, केसांना कापसाचे तंतू चिकटलेले असत, त्यावरून पोरे चिडवायची. ज्या वर्गात कापसाचा धडा चालला होता, त्याच वर्गात पिंजाऱ्याचा पोरगा तोंड लपवून बसला होता आणि ही दोन गोष्टींची गाठ घालावी असे कुणाच्याही मनात आले नाही. माझ्यासुद्धा.

पुढे कॉलेजात असताना वाचनात आले की हा टकळीचा तास ज्या योजनेतून आला, तिचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. आम्हाला ते माहीत होते ते राष्ट्रपती म्हणून. पहिले मुस्लिम राष्ट्रपती, एवढीच एका वाक्याची ओळख. त्यांच्या आयुष्याची बावीस वर्षे एका गरीब शाळेत गेली होती, हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते.

करोल बागेतली शाळा

जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये झाली. असहकार आणि खिलाफत चळवळीचा तो काळ. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत आणि शिक्षकांत झाकीर हुसेन होते. १९२५ मध्ये जामिया दिल्लीच्या करोल बागेत आली. खिलाफत चळवळ ओसरली होती आणि पैशाचे झरे आटले होते. जामिया बंद करावी अशी भाषा सुरू झाली होती. झाकीर हुसेन तेव्हा बर्लिनमध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट करत होते. १९२६ मध्ये ते आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या दोन मित्रांसह परतले आणि वयाच्या २९व्या वर्षी त्यांनी जामियाची सूत्रे हाती घेतली. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान वारले आणि उरलासुरला आधारही गेला. तेव्हा जामियाच्या शिक्षकांनी शपथ घेतली की वीस वर्षे इथेच राहू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात हाती पडायचे ते त्याहून पुष्कळ कमी आणि तेही वेळेवर नाही.

जर्मनीत झाकीर साहेबांवर म्युनिकच्या जॉर्ज केर्शेनश्टायनर या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांचा प्रभाव पडला होता. पुस्तकी शाळेऐवजी कामाची शाळा, हा त्याचा आग्रह. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिकने १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’वर निबंध लिहिला होता. आज आपण शाळेत ‘प्रोजेक्ट’ म्हणतो तो शब्द तिथून आला. मुलाने मनापासून हाती घेतलेले, हेतू असलेले काम म्हणजे प्रकल्प. आपल्याकडे पंजाबात मोगा इथल्या मिशनच्या शाळेत ही पद्धत खेड्याच्या जीवनाला जोडून वापरली जात होती. घर, शेत, दुकान हेच तिथले धडे होते.

जामियाच्या प्राथमिक शाळेत ही पद्धत रुजवली ती अब्दुल गफ्फार मुधोळी या शिक्षकांनी. मुलांची बँक होती. मुलांचे दुकान होते. बाग होती. बँकेचे खाते मुलेच लिहायची, दुकानाचा नफातोटा मुलेच काढायची. व्याज आणि शेकडेवारी हे गणित फळ्यावरून नव्हे तर स्वतःच्या पैशातून शिकायचे. दरवर्षी स्थापना दिनाला तालीमी मेळा भरायचा आणि मुलांनी केलेले काम पालकांसमोर मांडले जायचे. मुधोळींनी नंतर ‘जामिया की कहानी’ हे पुस्तक लिहिले. मोठ्या नेत्यांच्या चरित्रांत शाळामास्तर हरवून जातो, म्हणून हे नाव इथे मुद्दाम लिहितो.

जर्मनीहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबॉर्न या ज्यू बाई जामियात लहान मुलांचे काम पाहायच्या. मुले त्यांना आपाजान म्हणत. १९४३ मध्ये त्या दिल्लीतच वारल्या आणि जामियाच्या कब्रस्तानात त्यांना दफन केले. यमुनेकाठी ओखल्याच्या मोकळ्या माळावर १ मार्च १९३५ रोजी नव्या शाळेची पायाभरणी झाली, तेव्हा पहिला दगड ठेवला तो कुणा नवाबाने किंवा पुढाऱ्याने नाही. शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने, अब्दुल अझीझने ठेवला. ही शाळा कुणाची, याचे उत्तर त्यांनी त्या दिवशी देऊन टाकले.

वर्धा, ऑक्टोबर १९३७

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि शिक्षण कसे असावे हा प्रश्न कागदावरून कारभारात आला. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहायला सुरुवात केली होती की शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्चही निघावा. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. देशभरातून निवडक माणसे आली, जामियातून झाकीर हुसेन आले.

त्या परिषदेत ते उभे राहून जे बोलले ते धाडसाचे होते. समोर गांधीजी अध्यक्ष. झाकीर साहेबांनी सांगितले की कामातून शिक्षण ही कल्पना अगदी नवी नाही, जगात शिक्षक ती आधीपासून वापरत आहेत. आणि शाळेने स्वतःचा खर्च स्वतः काढावा यावर फार जोर दिला तर धोका आहे. शिक्षक मुलांकडून राबवून घेणारे मुकादम होतील, गरिबांच्या पोरांच्या श्रमाची पिळवणूक होईल. तसे झाले तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल.

गांधीजींनी काय केले? ज्याने शंका काढली त्यालाच समितीचा अध्यक्ष केले. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शाह, ख्वाजा गुलाम सैयदैन, आर्यनायकम आणि आशादेवी अशी माणसे त्या समितीत होती. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सव्वा महिन्यात, अहवाल तयार झाला. त्यालाच आपण वर्धा योजना, मूलोद्योग शिक्षण किंवा नई तालीम म्हणतो.

हा अहवाल आज वाचताना आश्चर्य वाटते. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात वर्षांचे मोफत, सक्तीचे आणि मातृभाषेतले शिक्षण. रोज साडेपाच तासांची शाळा. त्यातले ३ तास २० मिनिटे मूलोद्योग, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणित, ४० मिनिटे मातृभाषा, ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञान, १० मिनिटे व्यायाम आणि १० मिनिटे सुट्टी. वर्षाला शाळेचे २८८ दिवस.

फक्त वेळापत्रक पाहिले तर वाटेल की ही शाळा आहे की कारखाना? पण अहवालात तीन केंद्रे सांगितली आहेत. एक उद्योग, दुसरे मुलाभोवतीचा निसर्ग, तिसरे त्याच्याभोवतीचा समाज. सगळे विषय या तिघांना जोडून शिकवायचे. म्हणजे कापूस हातात घेतला की तो कोणत्या मातीत येतो हा भूगोल, झाड कसे वाढते हे विज्ञान, सूत मोजले की गणित, मँचेस्टरच्या गिरण्यांनी विणकरांचे काय केले हा इतिहास. मुलाने शेतात जावे, झाडे-पाखरे ओळखावीत, रात्री आकाशातले तारे पाहावेत, हेही त्या विज्ञानात धरलेले होते. वर्ग चार भिंतींत मावणारच नव्हता. एप्रिल १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्षपद झाकीर साहेबांकडे आले. सेवाग्राम हे त्याचे केंद्र.

‘मंदिर’ या शब्दाचे राजकारण

आता आपल्या समाजाकडे वळू, कारण हा भाग आपण सहसा टाळतो. मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला. त्याच वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, ज्यात नागपूर आणि वर्धा होते, पंडित रविशंकर शुक्ल यांची ‘विद्यामंदिर’ योजना आली. गावाने जमीन द्यायची, त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, अशी ती योजना. वर्धा योजना वेगळी आणि ही वेगळी. पण प्रचारात दोन्ही एक झाल्या. शाळेला ‘मंदिर’ का म्हणायचे, हा मुसलमानांचा प्रश्न होता. १९३८ च्या पीरपूर अहवालात काँग्रेस प्रांतांतल्या तक्रारींची जी यादी आली, तीत विद्यामंदिरही होते. दुसरी तक्रार अशी की वर्धा योजनेत धार्मिक शिक्षणाला जागाच नाही.

या तक्रारी निव्वळ कांगावा होत्या असे मी म्हणणार नाही. अल्पसंख्याकांना शाळेच्या पाटीवरच्या शब्दातून आपले स्थान कळते. बहुसंख्याकांना जो शब्द साधा वाटतो तो दुसऱ्याला दाराशी अडवू शकतो. ही गोष्ट त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांनी समजून घ्यायला हवी होती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्या माणसाने आराखडा लिहिला तो स्वतः नमाजी, दीनदार मुसलमान होता. त्याच्या जामियात दीनियात शिकवली जात होती. त्याला आपल्याच लोकांनी काँग्रेसचा हस्तक ठरवले. योजनेत आपल्या कारागिरांच्या मुलांसाठी काय आहे, हा प्रश्न त्या गदारोळात विचारलाच गेला नाही. मोमीन विणकर, पिंजारी, शिकलगार, मणियार, रंगरेज... हाताने काम करणारा मुसलमान या देशात बहुसंख्य होता. शाळेच्या मध्यभागी हाताचे काम आणणारी योजना आली, तेव्हा त्याच्या नावाने बोलणारे बहुतेक जण वकील आणि जमीनदार होते.

१७ नोव्हेंबर १९४६ रोजी जामियाच्या रौप्यमहोत्सवात झाकीर साहेबांनी नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली या सर्वांना एकाच मंचावर बसवले आणि देशात पेटलेली आग विझवा, अशी हात जोडून विनंती केली. आग कुणी लावली हे नंतर ठरवू, आधी विझवू, असा त्यांचा सूर होता. दहा महिन्यांनी, सप्टेंबर १९४७ मध्ये, करोल बागेतले जामियाचे पुस्तक-भांडार जाळले गेले. त्याआधी जालंधर स्टेशनवर जमावाच्या तावडीतून ते स्वतः थोडक्यात वाचले होते.

मग काय उरले?

स्वातंत्र्यानंतर योजना सरकारी झाली. पाट्या रंगवल्या गेल्या, टकळ्यांची खरेदी झाली. तीन तास वीस मिनिटांचा उद्योग आठवड्याच्या एका तासावर आला. शहरातल्या साहेबांच्या मुलांची शाळा पूर्वीसारखीच राहिली, टकळी फक्त खेड्यातल्या पोरांच्या हाती आली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटले. नावे बदलली. आमच्या पिढीला कार्यानुभव म्हणजे आगकाड्यांचे घर आणि थर्माकोलचा ताजमहाल एवढेच आठवते.

पण दोष फक्त सरकारचा नाही. माझ्या अब्बांची गोष्ट सांगतो. लहानपणी एकदा मी पिंजण उचलायला गेलो, तर ते ओरडले, “उसको हात मत लगा! तेरे हात में कलम होना.” कापसाची धूळ आयुष्यभर त्यांच्या छातीत गेली. शेवटची पाच-सहा वर्षे ते खोकल्याने रात्र-रात्र बसून काढायचे. ज्याला कामाने खाल्ले, त्याला ‘श्रमाची प्रतिष्ठा’ कुणी सांगावी? हाताच्या कामातून सुटका व्हावी म्हणून तर गरीब आई-बाप मूल शाळेत घालतात. तिथेही तेच काम दिसले तर त्यांना ते कट वाटणारच, मग आई-बाप मुसलमान असोत की दलित.

म्हणूनच झाकीर साहेबांचा वर्ध्यातला इशारा मला योजनेइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुढे ते सांगत राहिले की प्रत्येक काम शिक्षण देत नाही. आधी प्रश्न नीट समजला पाहिजे, मग आखणी, मग काम, आणि शेवटी आपले काम आपणच कठोरपणे तपासणे. या चारांतला कामाचा भाग तेवढा ठेवला आणि बाकी गाळले तर ती हमाली. माझ्या वर्गात तेच झाले. भाचीच्या प्रकल्पात तर कामही उरले नाही, फक्त डिंक उरला.

लिंबाखालचा वर्ग

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम पाहावे, करावे, असे म्हटले आहे. धोरणातल्या इतर अनेक गोष्टींवर वाद आहे आणि तो असावा. पण हे कलम वाचून मी बहिणीला म्हणालो, भाचीच्या बाईंना विचारून बघ. बाई तयार झाल्या.

माळ्यावरून अब्बांचे पिंजण काढले. तात नवी बांधून घेतली. गावातले एक वयस्कर चाचा, जे अजून कधीमधी हाताने कापूस पिंजतात, त्यांना बरोबर घेतले. शाळेच्या आवारात लिंबाखाली सातवीचा वर्ग बसला. चाचांनी सुरुवातीलाच सगळ्या पोरांना नाकाला रुमाल बांधायला लावले. एका मुलाने लगेच विचारले, “का?” चाचा म्हणाले, “बेटा, आमच्या वेळेला हे कुणी सांगितलं नाही.” पुढची दहा मिनिटे बाई फुफ्फुसांवर बोलल्या. पुस्तकातला तो धडा दोन महिने पुढे होता.

मग पोरांनी कापूस तोलला, पिंजला, पुन्हा तोलला. वजन थोडे कमी भरले. गेले कुठे? धूळ आणि कचरा खाली पडलेला दाखवला. पण आकार? एका बादलीतला कापूस पिंजल्यावर पाच बादल्यांत मावेना. वजन कमी आणि जागा जास्त, हे कसे? यावर वर्गात भांडण लागले, ते मधल्या सुट्टीपर्यंत मिटले नाही. एका मुलीने तात सैल-घट्ट करून आवाज कसा बदलतो ते वहीत लिहिले. एकाने चाचांना दिवसाची कमाई विचारली आणि गादीच्या दुकानातल्या किमतीशी ताडून पाहिली. हिशेब झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

परत निघताना एका मुलाने भाचीला विचारले, “तुझे नाना हेच करायचे?” मला माझा वर्ग आठवला आणि पोटात गोळा आला. तिने सरळ सांगितले, “हो, हे पिंजण त्यांचंच आहे.” घरी आल्यावर तिने कार्डशीट काढली. लोहार आणि सुतार यांच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून कुंभाराचे चित्र उचकटून थोडे बाजूला सरकवले. छापील चित्र मिळणार नव्हतेच. तिने पेन्सिलीने पिंजण काढले, खाली नाव लिहिले आणि मला विचारले, “मामू, तात कशाची करतात ते सांगा ना, ते लिहायचं राहिलंय.”